थापी लहान, काम मोठे

चेन्नईच्या वायव्येला सुमारे ६० किलोमीटरवर अत्तिरंपक्कम हे खेडे आहे. तेथे १८६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांना अश्मयुगीन हत्यारे सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या डॉ. शांती पप्पू यांनी १९९९ पासून तेथे उत्खनन केले. त्यातील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.

असे वय ठरवताना हत्यार मातीच्या कोणत्या थरात होते, याला फार महत्त्व असते. एकदा विस्कटलेला थर पुन्हा लावता येत नाही. म्हणूनच उत्खननाला निघणाऱ्या विद्यार्थ्याने आपली थापी पारखून घ्यावी.

गिलाव्याची मोठी थापी नको. टोकदार, ४ ते ५ इंची पात्याची घ्यावी. पाते आणि दांडी एकाच पोलादातून घडवलेली असावी. जोड दिलेली थापी कडक मातीत जोडावरच तुटण्याची भीती असते. पाते दाबल्यावर लवता कामा नये. मूठ तळहातात नीट बसावी. कडा बोथट झाल्या, की कानस फिरवावी.

थापीने खणू नये. पातळ पापुद्रा आपल्याकडे ओढत खरवडावा. मातीचा रंग बदलला, की हात थांबलाच पाहिजे!