रसायनोपचार आणि जंतुसंसर्ग

रक्ताच्या कर्करोगावरील औषधे झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशींचा नाश करतात. मात्र रोगट आणि निरोगी पेशींत त्यांना पूर्णपणे भेद करता येत नाही. अस्थिमज्जेचीही हानी होते आणि रक्तातील श्वेतपेशी घटतात. त्यांपैकी न्यूट्रोफिल या पेशी जंतूंना गिळून नष्ट करतात. निरोगी प्रौढाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या सामान्यतः १५०० हून अधिक असतात. ५०० च्या खाली गेल्यास धोका गंभीर मानला जातो. ही संख्या जितकी कमी आणि जितके अधिक दिवस कमी, तितका संसर्गाचा संभव जास्त, हे अमेरिकेतील जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली तीव्र ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवून दिले.

जंतू नेहमी बाहेरूनच येतात, हा समज खरा नव्हे. पुष्कळदा ते रुग्णाच्याच आतड्यात, तोंडात वा त्वचेवर वास करीत असतात. औषधांमुळे तोंडाचे व आतड्याचे नाजूक अस्तर सोलवटले, की त्यांना रक्तात शिरण्यास वाट मिळते. म्हणून मऊ ब्रशने दात घासणे, चूळ भरून तोंड स्वच्छ ठेवणे आणि गुदद्वारातून ताप मोजणे वा एनिमा घेणे टाळणे या गोष्टींना महत्त्व आहे. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात धुतलेच पाहिजेत. अन्न नीट शिजवलेले असावे. बांधकामाच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात. तेथून रुग्णाने दूर राहावे.

एवढी दक्षता घेऊनही संसर्ग होऊ शकतो, आणि तो ओळखणे कठीण असते. पू हा बव्हंशी न्यूट्रोफिल पेशींचाच बनलेला असतो. त्या पेशीच नसतील तर पू होत नाही, सूजही फारशी येत नाही. न्यूमोनिया असूनही क्ष-किरण चित्रात प्रारंभी काही न दिसण्याचा संभव असतो. अशा वेळी ताप हेच पुष्कळदा एकमेव लक्षण ठरते.

यास्तव ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १००.४ अंश फॅरनहाइट, ताप आढळताच रुग्णाने रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. पॅरासिटामॉलने ताप उतरवून सकाळची वाट पाहणे घातक ठरू शकते; औषधाने केवळ लक्षण झाकले जाते. तपासणीसाठी रक्त घेतल्यावर, अहवालाची प्रतीक्षा न करता, शक्यतो तासाभरात शिरेवाटे प्रतिजैविके सुरू करतात. जंतू कोणता, हे कळेपर्यंत थांबण्याइतका अवधी रुग्णाच्या हाती नसतो.