देहाची ओळख (भाग 9) : दोन ठोक्यांमधला वेळ

बेंगळुरूत आमच्या जे. पी. नगरातल्या इमारतीत अकरावीला, म्हणजे इथल्या बोलीत फर्स्ट पीयूला असलेली एक मुलगी आहे. गेल्या रविवारी ती वही घेऊन आली. पानावर लाल शाईने तीन आकडे चौकटीत लिहिलेले : 0.1, 0.3, 0.4. ‘‘काकू, पाठ झालंय, पण कळलं नाहीये.’’

म्हटलं, चप्पल घाल, रागीगुड्ड्याच्या टेकडीवर जाऊन येऊ.

टेकडीच्या पायथ्याशी बसून तिने स्वतःची नाडी मोजली. मिनिटाला 75. साठाला पंच्याहत्तरने भागलं की एका ठोक्याच्या वाट्याला 0.8 सेकंद येतात, आणि तिच्या चौकटीतल्या आकड्यांची बेरीजही तेवढीच. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, 0.1 सेकंद आकुंचन पावतात, मग खालचे दोन, म्हणजे निलयं, 0.3 सेकंद, आणि उरलेले 0.4 सेकंद चारही कप्पे सैल असतात. निम्मा वेळ! पण हा वेळ रिकामा जात नाही. निलयांत येणारं बरंचसं रक्त याच वेळात आपसूक खाली उतरतं. अलिंदांच्या आकुंचनाने त्यात साधारण 30 टक्क्यांची भर पडते. मग निलय दर ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. पंच्याहत्तर ठोक्यांचं सव्वापाच लिटर, तेलाच्या पाच लिटरच्या डब्याहून थोडं जास्तच.

मग ती भराभर पायऱ्या चढली. मारुतीच्या देवळापाशी पुन्हा नाडी मोजली : 120. आता ठोक्याला अर्धाच सेकंद. वाचलेला वेळ कुठून आला? आकुंचनाचा वेळ थोडासाच घटतो. खरी काटछाट होते ती विश्रांतीत.

इथे तिने विचारलेला प्रश्न मला फार आवडला : ‘‘हृदयात एवढं रक्त असतं, मग त्याला स्वतःला रक्त पुरवायला वेगळ्या कोरोनरी धमन्या कशाला?’’ कारण निलयाची भिंत जाड असते. आतलं रक्त तिच्या सगळ्या पेशींपर्यंत झिरपत नाही. आणि डावं निलय आवळलं जातं तेव्हा भिंतीतल्या बारीक वाहिन्याही चेपल्या जातात. त्यामुळे त्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः तो सैल पडल्यावर. सगळ्या शरीराला पुरवणाऱ्याचं स्वतःचं जेवण त्या 0.4 सेकंदांत होतं. धमनी अरुंद झालेल्या माणसाला जिना चढताना छातीत दुखतं ते यामुळेच : मागणी वाढते आणि जेवणाची सुट्टी मात्र आखडते.

मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर रागीगुड्ड्यानंतरचं स्थानक जयदेव हॉस्पिटलचं. तिथल्या सरकारी हृदयरुग्णालयात रोज याच धमन्या तपासल्या जातात, फुग्याने रुंद केल्या जातात. उतरताना तिने त्या बाजूला बोट दाखवलं आणि पुन्हा मनगट धरलं. नाडी 96 झाली होती, आणि कमी होत होती.

पुढच्या आठवड्यात ईसीजीचा कागद घेऊन बसू. दोन ठोक्यांमधली ती विश्रांती त्यावर सपाट रेघ होऊन उमटते.