एक रायफल, तीन मापे

एकाच नमुन्याच्या दोन रायफलींचे सुटे भाग एकमेकींना बसतीलच अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु शीतयुद्धाच्या काळात जगभर पसरलेल्या ‘एफएएल’ या बेल्जियन रायफलीचा इतिहास पाहिला, तर ही समजूत फारशी टिकत नाही. एफएन या कंपनीत दिएदोने सैव्ह या अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर आखलेली ही रायफल ब्रिटनमध्ये ‘एल१ए१’ आणि कॅनडात ‘सी१’ झाली, तर भारतात ‘एसएलआर’ म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल या नावाने जवानांच्या आणि पुढे पोलिसांच्या खांद्यावर आली. अशा अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि नवे आत घेणे ही कामे यंत्रणा आपली आपण करते. त्या क्षणार्धात अनेक भाग एकमेकांवर घासत, आपटत आणि अडकत असल्यामुळे मापातला केसाएवढा फरकही तेथे लपून राहत नाही.

उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या, म्हणजे नाटोच्या, देशांचे १९५४ मध्ये एकमत झाले ते काडतुसावर, रायफलीवर नव्हे. ७.६२ × ५१ मिलिमीटरचे काडतूस सर्वांनी स्वीकारले, त्यामुळे एका देशाचा दारूगोळा दुसऱ्याला चालू लागला. मात्र अमेरिकेने १९५७ मध्ये स्वतःची ‘एम१४’ निवडली, आणि एफएएल घेणाऱ्या देशांतही फाटे फुटले. बेल्जियमचे मूळ आराखडे मिलिमीटरमध्ये होते, तर ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्या कारखान्यांतली यंत्रे, मापयंत्रे आणि कामगारांचा हात हे सारे इंचावर बसलेले होते. म्हणून या देशांनी आराखडे इंचात नव्याने काढले, आणि ते करताना आपापल्या सोयीच्या दुरुस्त्याही केल्या. त्यातून ‘मेट्रिक’ आणि ‘इंच’ अशी दोन घराणी निर्माण झाली, जी लांबून जुळी भावंडे वाटतात.

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हे गणित सरळ असले, तरी आराखड्यावर नुसते माप लिहून भागत नाही. त्याच्यासोबत टॉलरन्स द्यावा लागतो, म्हणजे त्या मापापेक्षा किती कमीजास्त चालेल याची मर्यादा ठरवावी लागते. एकापुढे एक बसणाऱ्या चार भागांपैकी प्रत्येकाला ०.०५ मिलिमीटरची सूट दिली आणि चारही चुका एकाच बाजूला झुकल्या, तर शेवटी ०.२ मिलिमीटरचा फरक साचतो, आणि तरीही प्रत्येक भाग तपासणीत निर्दोष ठरलेला असतो. एकाच घराण्याच्या कारखान्यांत ही सूट सर्वांनी सारखी धरलेली असते, पण दोन घराण्यांतले भाग एकत्र आणले की दोन वेगळे हिशेब एकमेकांत मिसळतात. स्क्रूच्या आट्यांच्या बाबतीत तर तडजोडीला वावच नसतो, कारण इंची आटे आणि मिलिमीटरचे आटे यांचे अंतरच वेगळे असते.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे भरलेल्या पत्र्याच्या डबीत. मॅगझिन बसवताना त्याची पुढची कड आधी रायफलीच्या सांगाड्यात अडकवतात आणि मग मागचा भाग खटका लागेपर्यंत वर दाबतात. मेट्रिक मॅगझिनवर पुढे अडकण्यासाठी पत्र्यातूनच ठोकून काढलेला एक छोटा उंचवटा असतो. ब्रिटिशांना तो झिजेल असे वाटले असावे, कारण त्यांनी त्या जागी वेगळा, जाड आणि भरीव तुकडा जोडला. परिणाम असा की मेट्रिक मॅगझिन इंच रायफलीत थोडे सैल का होईना पण बसते, मात्र इंच मॅगझिन मेट्रिक रायफलीत जातच नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाकडे मेट्रिक एफएएल आणि ब्रिटिशांकडे इंच एल१ए१ होती, आणि मॅगझिनची ही एकतर्फी सोय योगायोगाने ब्रिटिशांच्या बाजूची होती.

बसणे आणि चालणे यांत मात्र अंतर आहे. ७.६२ मिलिमीटरसाठी बदललेल्या ‘एल४’ या ब्रेन मशिनगनचे तीस काडतुसांचे मॅगझिन एल१ए१ मध्ये व्यवस्थित बसते. पण ब्रेनवर मॅगझिन वरच्या बाजूला लागते, काडतुसे खाली सरकायला गुरुत्वाकर्षण मदत करते आणि त्याची स्प्रिंग त्याच हिशेबाने केलेली असते. तेच मॅगझिन रायफलीला खालून लावले की त्या स्प्रिंगला काडतुसे वर ढकलावी लागतात, आणि ऐन वेळी ती कमी पडू शकते.

भारताची वाट आणखी निराळी होती. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा भाग, हाताने ओढायची ली-एनफिल्ड होती. त्यानंतर शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने, म्हणजे आज पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीईने, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि बेल्जियन नमुने सुटे करून तपासले आणि दोन्ही घराण्यांतले गुण घेऊन ‘१ए१’ सिद्ध केली. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेल्या या रायफलीचे अनेक भाग त्यामुळे मेट्रिकलाही जुळत नाहीत आणि इंचालाही नाहीत. तिच्या लाकडी दस्त्याला मात्र जुन्या ली-एनफिल्डचीच पाठपट्टी लावली गेली, जिच्या झडपेमागे तेलाची कुपी आणि नळी साफ करायची दोरी ठेवता येई. परदेशी सुट्या भागांशी मेळ राखण्यापेक्षा जे आपल्या कारखान्यात आधीच बनत होते त्याच्याशी मेळ राखणे अधिक शहाणपणाचे होते.

सुटे भाग परस्परांत बदलता यावेत ही कल्पनाही मुळात बंदुकांच्या कारखान्यातच प्रत्यक्षात आली. १८२० च्या दशकात अमेरिकेतील हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने हाताने कानस मारून जुळवण्याऐवजी यंत्रे आणि गेज, म्हणजे भाग मापात आहे की नाही हे दाखवणारी साधने, यांच्यावर भर दिला. तरीही एफएएलमध्ये एक जागा अशी उरली जेथे निवड करूनच जुळवावे लागते. गोळी सुटताना बोल्टची मागची कड खाली झुकून सांगाड्यातल्या एका आडव्या पोलादी तुकड्यावर टेकते, आणि नळीतला सगळा मागे येणारा जोर तोच पेलतो. हा तुकडा कारखान्यात थोड्याथोड्या फरकाने अनेक मापांत बनवतात आणि त्या त्या रायफलीला नेमका बसणारा निवडून घालतात. त्यामुळे एका रायफलीचा बोल्ट त्याच कारखान्यातल्या शेजारच्या रायफलीत सहज सरकला, तरी तो तेथे सुरक्षित असेलच याची खात्री पुन्हा मोजल्याशिवाय देता येत नाही.