आत काय आहे?

१४ एप्रिल ही तारीख आपल्या सर्वांच्या ध्यानात असते ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीमुळे. त्याच दिवशी देशातील अग्निशामक दलांची माणसे आपल्या मृत सहकाऱ्यांस मानवंदना देतात, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. आम्हांस ते लहानपणापासून ठाऊक आहे, कारण आमचे वडील बंबवाले होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर ते मुंबईच्या दलात भरती झाले. वडिलांची थोरवी गावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. त्यांच्या पिढीने एक धडा घेतला होता. तो कोणता आणि आपल्या नागरिक म्हणून असलेल्या कर्तव्याशी त्याचा संबंध काय, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

तो धडा १९४४ सालचा. ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज इंग्लंडातील बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईस आले व व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता, सोन्याच्या विटाही होत्या. कराचीस त्यात कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे आणि इमारती लाकूड यांची भर पडली. कापूस व दारू शेजारी शेजारी ठेवू नये, हे आपल्या घरातली आजीबाईही सांगेल. पण युद्धाच्या धामधुमीत ते घडले. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण लावावयाचे असते, तेही त्यावर नव्हते.

१४ एप्रिलला दुपारी जहाजातून धूर दिसू लागला. बंब आले, नळ जोडले गेले, नऊशे टनांहून अधिक पाणी आत ओतण्यात आले. तरी आग विझेना. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कापसाची गाठ घट्ट दाबलेली असते. ती वरून भिजली तरी आत धुमसत राहते आणि दाट धुरात आगीचे मूळ नेमके कोठे आहे ते सापडत नाही. जहाज तेथेच बुडवावे की ओढून समुद्रात न्यावे, याविषयी अधिकाऱ्यांत एकमत झाले नाही. इकडे आत पाणी उकळू लागले होते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्यांचा हादरा दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर उमटला. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. गोदीतील ढिगारे उपसण्यास पुढे सात महिने लागले.

दोन वर्षांनी, १९४६ साली, आमचे वडील ज्या दलात शिरले ते हे दल. रिकाम्या झालेल्या जागांवर ही मंडळी उभी राहिली. कोणी पलटणीतून सुटून आलेला, कोणी कोकणातून पोटासाठी आलेला. पगार बेताचा आणि बिऱ्हाड बंबाच्या ठाण्यालगतच. रात्री घंटा झाली की पहिल्यांदा पायऱ्यांवर बुटांचा आवाज होई आणि मग मुले जागी होत. वाढलेले ताट आई झाकून ठेवी. ते कधी अर्ध्या तासाने उघडले जाई, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी.

आगीच्या जागी पोचताच वडील रखवालदारास पहिला प्रश्न करीत, “आत काय आहे?” हा प्रश्न त्या पिढीच्या अंगवळणी पडला होता, कारण आग एक असली तरी तिचे स्वभाव अनेक असतात. लाकडावर पाणी चालते. जळत्या तेलावर तेच पाणी मारले तर तेल पाण्यावर तरंगून आग पसरवते. कार्बाइडवर पाणी पडले की त्यातून पेट घेणारा वायू निघतो. त्या काळच्या सेल्युलॉइडच्या चित्रपट-फिती तर कोंडून ठेवल्या तरी जळत, कारण जळण्यास लागणारा प्राणवायू त्यांच्याच द्रव्यात असे. म्हणजे नळ हाती घेण्याआधी उत्तर हवे, आणि ते खरे हवे.

ते नेहमीच खरे मिळे असे नाही. एका गोदामाच्या मालकाने “आत नुसता कागद आहे” असे सांगितले. आत परवान्यावाचून ठेवलेली तेलाची पिंपे होती. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील काका त्या रात्री हात भाजून परतले. पुढे त्यांची मूठ कधीच पुरती मिटली नाही. वडील त्या मालकाविषयी कधी वाईट बोलले नाहीत. एवढेच म्हणत, “आगीला आपण तोंड देऊ, खोट्याला कसे देणार?”

स्वातंत्र्यानंतर या धड्यास शास्त्राची बैठक मिळाली. १९५६ साली रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते आपल्या नागपुरास आले. जे ज्ञान वडिलांच्या सोबत्यांनी अंगावर चटके सोसून मिळवले, त्याचे रीतसर शिक्षण तेव्हापासून मिळू लागले. धैर्य त्या ६६ जणांपाशी उदंड होते. उणीव होती ती त्यांना वेळेवर खरी माहिती व स्पष्ट हुकूम मिळण्याची, आणि ती भरून काढणे एकट्या बंबवाल्याच्या हाती कधीच नसते.

म्हणून त्या पिढीचा सन्मान करावयाचा तर आपल्या दारापासून आरंभ करावा. दुकानात, गोदामात जे साठवले असेल त्याची नोंद खरी ठेवावी. बंबाची घंटा ऐकू येताच गाडी बाजूस घ्यावी. धूर कोंडलाच तर जमिनीलगत वाकून बाहेर पडावे, कारण तापलेला धूर वर चढतो. हे मुलांस शिकवून ठेवावे. वडील म्हातारपणी लग्नकार्यास गेले तरी आधी मांडवाचे दुसरे दार कोठे आहे ते पाहत आणि मग पंगतीत बसत. आम्ही त्यांची थट्टा करीत असू. आज आम्हीही तेच करतो.

१४ एप्रिलला दोन मिनिटे अवश्य स्तब्ध उभे राहावे. मग घरी जाऊन जिन्याखालची अडगळ काढावी.