सव्वा व्होल्टचा खेळ

अमेरिकेत जुना कॅम्पर ट्रेलर विकत घेणाऱ्याच्या तक्रारी बहुतेक वेळा दोनच असतात. एक, रात्री निजानीज झाली की बाकाखालून एकसुरी घुमल्यासारखा आवाज येत राहतो. दोन, बॅटरी टिकत नाही. नवी कोरी आणून बसवली तरी एक-दोन हंगामांत तिचा दम संपतो. पहिली तक्रार कानाची, दुसरी खिशाची. पण दोन्हींचं मूळ बाकाखाली, फ्यूजच्या पॅनेलमागे बसलेल्या एकाच लोखंडी डब्यात असतं. त्याला म्हणतात पॉवर कन्व्हर्टर. तो काढून नवा बसवणं हे तिथल्या हौशी माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम. मात्र जुन्या डब्यात काय होतं आणि नव्यात काय आलं, हे पाहिलं की बॅटरी मरते कशाने, हेही कळतं.

ट्रेलरच्या घरात वीज दोन जातींची असते. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेपाशी एक खांब असतो. त्याला जाड वायर जोडली की १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची एसी वीज मिळते. तिच्यावर एअर कंडिशनर आणि मायक्रोवेव्ह चालतात. दिवे, पाण्याचा पंप, शेगडीवजा हीटरचा पंखा आणि गॅसगळतीचा भोंगा मात्र १२ व्होल्टच्या डीसीवर चालतात, कारण जंगलात खांब नसतो, तिथे सगळी मदार बॅटरीवर. दर हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावाच्या आसपास वाळवंटात हजारो ट्रेलर मुक्काम ठोकतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या आसपास विजेचा खांबच नसतो.

खांब मिळाला की कन्व्हर्टरला दोन कामं करायची असतात: १२० व्होल्ट एसीचं १२ व्होल्ट डीसी करून दिवे-पंप चालवणं आणि त्याच वेळी बॅटरी भरणं. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात घरोघर आलेल्या इन्व्हर्टरच्या पेटीत बॅटरी भरणारा असाच भाग असतो, शिवाय वीज गेल्यावर बॅटरीच्या डीसीचं उलट एसी करणारा भागही. ट्रेलरच्या कन्व्हर्टरमध्ये हा उलटा प्रवास नसतो.

लोखंडाचा जमाना

जुना कन्व्हर्टर उघडला की आत सगळ्यात मोठा दिसतो तो ट्रान्सफॉर्मर. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या पातळ पत्र्यांची चळत, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. शेजारी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आवळलेले डायोड. काही डब्यांत एक फुगीर कपॅसिटर आणि खांबाची वीज आली-गेली की खटकन बाजू बदलणारा रिले. बस्स, संपला संसार. बिघडायला फारसं काही नाही. म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वीचे डबे अजूनही घुमत असतात.

हा घुमारा येतो पत्र्यांतून. चुंबकत्व चढलं-उतरलं की लोखंडाची लांबी अत्यंत सूक्ष्म प्रमाणात बदलते. ६० हर्ट्झच्या विजेत चुंबकत्व सेकंदाला १२० वेळा शिगेला पोचतं, म्हणून पत्रे १२० हर्ट्झने थरथरतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे डीपीजवळ उभं राहिल्यावर ऐकू येणारा सूर १०० हर्ट्झचा.

एअरस्ट्रीम या कंपनीच्या जुन्या ट्रेलरमधला युनिव्होल्ट नावाचा डबा आणि त्या पिढीतले इतर काही डबे फेरोरेझोनंट जातीचे होते. या जातीचा ट्रान्सफॉर्मर जोसेफ सोला या अमेरिकी संशोधकाने १९३८ मध्ये आणला. त्यात गाभ्याचा एक भाग मुद्दाम चुंबकत्वाने तुडुंब भरलेला ठेवतात. बाहेरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडा वर-खाली झाला तरी भरलेल्या गाभ्यात आणखी काही मावत नाही, त्यामुळे निघणारा दाब जवळपास स्थिर राहतो. कॅम्पग्राउंडला हे सोयीचं होतं. भर दुपारी सगळ्यांचे एअर कंडिशनर सुरू झाले की खांबावरचा दाब ढासळतो, तरी दिवे मिणमिणत नसत. एकही चिप नाही, एकही हलणारा भाग नाही, आणि तरी नियंत्रण. त्या काळाच्या मानाने ही अक्कलहुशारीच होती.

तिला एक खोट होती. दाब बदलला तरी हा ट्रान्सफॉर्मर डगमगत नाही, पण वारंवारिता बदलली की डगमगतो. वारंवारिता एक टक्का वाढली तर निघणारा दाब साधारण दीड टक्का वाढतो. खांबाऐवजी छोटा जनरेटर लावला आणि तो ६० ऐवजी ६२ हर्ट्झवर धावू लागला, तर १३.८ व्होल्टचे साडेचौदा होतात. दिव्याला त्याचं काही वाटत नाही. बॅटरीला वाटतं.

डायोडमधून निघणारी डीसीही सपाट नसते. सेकंदाला १२० उसळ्या घेत ती वाहते. साध्या बल्बची तार तापलेली राहते, तिला या उसळ्या जाणवत नाहीत. बॅटरी जोडलेली असली तर ती उसळ्या बऱ्याच प्रमाणात गिळते. पण बॅटरी काढून ठेवली आणि पुढे एखादं चिप असलेलं उपकरण असलं, तर ते भलतंसलतं वागू लागतं. जुन्या ट्रेलरमध्ये हीटरचं नवं सर्किट बसवल्यावर ते उगाच बंद पडतं, त्यामागे कित्येकदा हेच कारण असतं.

बॅटरीची मर्जी

मुख्य प्रश्न मात्र बॅटरीचा आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसं आणि गंधकाम्ल यांची बॅटरी बनवली. ट्रेलरच्या टोकाला, गॅसच्या टाक्यांशेजारी बसलेली बॅटरी आजही बहुधा त्याच कुळातली असते. सहा घरं, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. पूर्ण भरून निवांत ठेवलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि अर्धी रिकामी झालेली १२.१ च्या आसपास. म्हणजे अर्धी बॅटरी खर्च होते, तेव्हा मीटरवर हलतो तो अर्धा व्होल्ट.

बॅटरी वापरली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. भरताना ते परत विरघळतं. वेळेवर आणि पुरतं भरलं नाही, तर त्याचे स्फटिक मोठे आणि टणक होतात, मग ते विरघळत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. हा उपासमारीने येणारा मृत्यू. उलट दाब १४.४ व्होल्टच्या पुढे गेला की आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन जोरात होऊ लागतं. मेकॅनिक म्हणतात, बॅटरी उकळली. पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो, म्हणून बॅटरीच्या पेटीला हवा खेळती लागते.

झटपट भरायची तर १४.४ व्होल्ट हवेत. भरल्यावर महिनोन्‌महिने नुसती राखायची तर १३.२ पुरतात. दोन्हींत अंतर जेमतेम सव्वा व्होल्टचं, आणि बॅटरीचं सगळं आयुष्य या सव्वा व्होल्टवर टांगलेलं. जुन्या डब्याला एकच दाब ठाऊक. तो मधला, साधारण पावणेचौदाच्या आसपासचा. सहलीत तो कमी पडतो आणि बॅटरी कधीच काठोकाठ भरत नाही. घरी आल्यावर ट्रेलर अंगणात वीज जोडून ठेवला की तोच दाब जास्त होतो आणि पाणी आटत जातं. काही जुन्या डब्यांत बॅटरीसाठी वेगळा भाग होता, पण तो अगदीच कृश. पाच अँपिअरने भरायला बसलं, तर शंभर अँपिअर-अवरची अर्धी रिकामी बॅटरी भरायला दहा तासांहून जास्त लागणार. शनिवार-रविवारच्या सहलीला तेवढी सवड कुठली?

नव्या डब्यातली हुशारी

नवा कन्व्हर्टर ४५ अँपिअरचा असून दोन-अडीच किलोच्या आसपास भरतो. ही किमया वारंवारितेची. ट्रान्सफॉर्मर किती मोठा लागेल हे चुंबकत्व सेकंदाला किती वेळा उलटतं यावर ठरतं. जितक्या जास्त वेळा, तितका गाभा लहान. नव्या डब्यात १२० व्होल्ट एसीचं आधी सरळ डीसी करतात, तिचा दाब सुमारे १७० व्होल्टपर्यंत जातो. मग ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला हजारो तुकडे करतात आणि फेराइटचा तळहातावर मावणारा गाभा ते तुकडे खालच्या दाबावर आणतो. वीस हजार हर्ट्झच्या वरचा इतका उंच सूर माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, त्यामुळे रात्रीचा घुमाराही गेला. भार वाढला की छोटा पंखा तेवढा फिरू लागतो. पूर्वीचा मोबाइलचा जड, गरम होणारा चार्जर आणि आजचा हलका चार्जर यांच्यातला फरक हाच आहे.

वजन घटलं ही सोय झाली. खरा बदल आहे तो दाब ठरवणाऱ्या चिपमध्ये. दूध तापवताना आधी आच मोठी ठेवतात, वर येऊ लागलं की मंद करतात आणि मग नुसतं कोमट राखतात. नवा डबा बॅटरीशी तसाच वागतो. बॅटरी रिकामी असेल तर १४.४ व्होल्ट, नेहमीच्या वापराला १३.६, आणि बराच काळ कोणी काही वापरलं नाही तर १३.२. मिशिगनमधल्या मार्शल गावच्या प्रोग्रेसिव्ह डायनॅमिक्स या कंपनीच्या डब्यांत आणखी एक खुबी आहे. राखणीच्या अवस्थेत दर २१ तासांनी ते पंधरा मिनिटं दाब १४.४ वर नेतात. निवांत पडलेल्या बॅटरीत जड आम्ल तळाशी बसतं आणि वर पातळ पाणी उरतं. थोडे बुडबुडे उठले की ते ढवळलं जातं. जे उकळणं तासन्‌तास चाललं तर बॅटरीचा जीव घेतं, तेच पाव तासापुरतं औषध होतं.

वायर, रंग आणि घट

प्रत्यक्ष बदलताना क्रम चुकवून चालत नाही. आधी खांबाची वायर काढायची, मग बॅटरीची ऋण बाजू सोडवायची, मगच पेचकसाला हात लावायचा. जुन्या प्रत्येक वायरला चिठ्ठी लावायची आणि फोटो काढून ठेवायचा. ट्रेलरमध्ये रंगांचा एक सापळा असतो. १२० व्होल्टच्या बाजूला काळी वायर म्हणजे फेज, पांढरी म्हणजे न्यूट्रल. १२ व्होल्टच्या बाजूला बऱ्याच ट्रेलरमध्ये काळी वायर बॅटरीची धन असते आणि पांढरी ऋण. मोटारीत काळी म्हणजे ऋण, ही सवय हाताला असलेला माणूस इथे उलटी जोडणी करून बसतो. तशी झाली की डब्यातले संरक्षक फ्यूज तत्क्षणी उडतात आणि बाकीचं वाचतं. नवा डबा उघडून पाहण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही काळ राहू शकतो.

दुसरी चूक अधिक छुपी. डबा नवा, पण बॅटरीपर्यंतची वायर जुनीच. समजा डबा मागे आणि बॅटरी पुढे, अंतर पाच मीटर. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं. वायर साडेआठ चौरस मिलिमीटरची असेल, तर ४५ अँपिअर वाहताना तिच्यातच सुमारे ०.९ व्होल्ट गळून जातात. डब्यातून निघाले १४.४, बॅटरीला मिळाले साडेतेरा. सव्वा व्होल्टसाठी एवढा खटाटोप केला आणि त्यातला बहुतेक वायरीने गिळला. १३ चौरस मिलिमीटरची वायर घातली, तर घट सहा दशांशाच्या आत येते. म्हणून जाणकार डबा शक्य तितका बॅटरीजवळ आणतात, वायर जाड घालतात आणि प्रत्येक स्क्रू करकचून आवळतात. सैल स्क्रूपाशी उष्णता साठते, वायरीचं टोक काळं पडतं आणि पुढे आगीला निमित्त मिळतं.

तापमानाचाही हिशेब असतो. दर दहा अंश सेल्सिअसमागे १२ व्होल्टच्या बॅटरीला सुमारे पाव व्होल्ट कमी-जास्त लागतात. मिनेसोटाच्या थंडीत बरोबर असलेला दाब ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात तीच बॅटरी उकळवू शकतो.

लिथियम आल्यावर

आता अनेक जण शिशाची बॅटरी काढून लिथियम आयर्न फॉस्फेटची बसवतात. या रसायनाचा बॅटरीसाठी उपयोग जॉन गुडइनफ आणि अक्षय पाढी यांनी टेक्सास विद्यापीठात दाखवून दिला, त्यांचा शोधनिबंध १९९७ चा. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटऱ्यांवरील कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं. ही बॅटरी हलकी, जास्त वर्षं टिकणारी, पण तिचे नियम निराळे. तिला पुरतं भरायला १४.४ ते १४.६ व्होल्ट लागतात. आम्ल ढवळण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे अधूनमधूनचा झटका तिला नको. शून्य अंशाखाली तर ती भरूच नये, धातूरूप लिथियमचा थर आत जमून ती खराब होते. म्हणून कन्व्हर्टर घेताना त्यावर लिथियमची सोय आहे का, ते आधी पाहावं. आज शिशाची बॅटरी असून उद्या लिथियमची घ्यायचा विचार असेल, तर दोन्ही चालवणारा डबा आताच घेणं शहाणपणाचं.

आपल्या घरच्या इन्व्हर्टरखालची ट्यूब्युलर बॅटरी शिशाच्याच कुळातली आहे आणि विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा ॲरिझोनापेक्षा फार वेगळा नाही. बॅटरी दोन वर्षांत गेली की आपण बॅटरीच्या कंपनीला बोल लावतो, चार्जरकडे कोणी पाहत नाही. दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घ्या. घरात दिवसभर वीज असेल अशा दिवशी संध्याकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर दाब मोजा. बॅटरी भरल्यानंतरही तो कायम चौदाच्या वरच राहत असेल आणि डिस्टिल्ड वॉटर वारंवार घालावं लागत असेल, तर नवी बॅटरी आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून चार्जर तपासून घ्या. चार्जर बिघडलेला असेल, तर नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेने जाईल.