‘एक्साइट’ या क्रियापदाचे मराठी पर्याय

इस्लामपूर हें गांव सातारा जिल्ह्यांत असतां (हल्लीं तें सांगलींत आहे) तेथून ‘प्रतोद’ पत्र निघे. तुद् म्हणजे टोंचणें. प्रतोद म्हणजे हांकणाऱ्याची पराणी. १८९७ सालीं या पत्रावर राजद्रोहाचा खटला झाला. दंडसंहितेच्या कलम १२४अ मधील क्रियापद ‘एक्साइट’. मराठींत त्यास शब्द पुष्कळ, पण एकाची जागा दुसरा घेत नाहीं. चिथावण्यांत दुष्ट हेतु गृहीतच असतो, क्षोभ मूळचा ढवळण्याचा, चेतवणें विस्तवाचें. उत्तेजन तिज् म्हणजे धार लावणें यापासून आलें, तरी तें आज स्तुतीचें झालें आहे. इंग्रजी क्रियापदास असा रंग नाहीं; दोष ठरतो तो कर्मावरून.

येथें कर्म होतें ‘डिस्अफेक्शन’. त्याच वर्षी टिळकांच्या खटल्यांत न्या. स्ट्रॅची यांनीं त्याचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा केला. आमच्या मतें येथें वाक्यच मोडतें. अभाव चेतवावा कसा? ‘प्रतोद’च्या अपिलांत न्या. रानडे यांनीं, हा निव्वळ अभाव नसून प्रत्यक्ष द्वेषभावना होय, असें म्हटलें. मराठी ग्रंथोत्तेजक संस्थेच्या या संस्थापकास उत्तेजनाचा चांगला अर्थ ठाऊक होताच!

२०२४ पासून अमलांत असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ च्या इंग्रजी पाठांत हेंच क्रियापद आहे. कर्माच्या जागीं मात्र फुटीरपणा, सशस्त्र बंड इत्यादि शब्द आले आहेत.