सर, पाणी कुठून आणायचं?

देऊळगाव राजाच्या शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. मुलांना सर्वांत आवडणारा प्रयोग एकच. पाण्यात आम्लाचे चार थेंब टाकायचे आणि बॅटरीला जोडलेल्या दोन कांड्या त्यात बुडवायच्या. एका कांडीवर दुसरीच्या दुप्पट वायू जमे. त्या नळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की 'फट्' असा आवाज होई आणि मागच्या बाकापर्यंत हशा पिके. "हा हायड्रोजन, उद्याचे इंधन," असे मी ठासून सांगे. तो 'उद्या' कधी उजाडणार, हे मात्र मलाही ठाऊक नव्हते.

गेल्या दसऱ्याला बालाजीच्या यात्रेत एक जुना विद्यार्थी भेटला. आता शेती करतो. पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमचा तो फट् करणारा वायू आता रोज पेपरात येतो. पण तो करायला पाणीच फोडायचं ना? आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, अन् ते पाणी आणायचं कुठून?"

प्रश्न वर्मी लागला. घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक किलो हायड्रोजनसाठी किमान ९ लिटर पाणी लागते, आणि तेही शुद्ध. शिवाय ५० युनिटांच्या वर वीज. बस शंभर किलोमीटर धावायला साधारण आठ-दहा किलो हायड्रोजन खाते. म्हणजे पाच-सहा हंडे पाणी. एका बसचे हे पाणी फार नाही. पण मोठा कारखाना टँकरच्या गावात काढला, तर त्याचा हिशोब वेगळा होईल.

दुसरी गोष्ट विजेची. ५० युनिटे खर्चून केलेल्या त्या किलोभर वायूत ३३ युनिटांचीच ऊर्जा असते. गाडीत त्याची पुन्हा वीज करताना त्यातलीही निम्मी-शिम्मी हाती लागते. म्हणून जिथे वीज थेट वापरता येते, तिथे ती थेटच वापरावी. हायड्रोजन लागतो तो पोलादाला, अवजड वाहनांना आणि खताला. युरियाची गोणी अमोनियापासून होते आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. आज तो बहुतांशी नैसर्गिक वायूतून काढतात. म्हणजे माझा विद्यार्थी हायड्रोजनचा जुनाच गिऱ्हाईक आहे!

अडते कुठे? पदार्थापाशी. हायड्रोजनची वीज करणाऱ्या घटात पातळ पडदा आणि प्लॅटिनमसारखा महाग धातू लागतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. तिथल्या संशोधकांनी केपीआयटी कंपनीच्या जोडीने असे घट तयार केले आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांवर चालणारी बस पुण्यात लोकांपुढे आली. तिच्या धुराड्यातून निघते ती पाण्याची वाफ!

सूर्यप्रकाशाचेही तसेच. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट झाला, तो उन्हाचे जेमतेम ६ टक्के विजेत बदलत होता. आता सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर चढवतात. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो, खालचा तांबडा. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी अशा जोडघटातून जवळजवळ ३० टक्के मजल मारल्याचे २०२५ साली जाहीर झाले. बर्लिनचे हेल्महोल्ट्झ केंद्रही याच वाटेवर आहे. पण पेरोव्हस्काइटला ओल आणि उष्णता सोसत नाही. आमच्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर आणि नंतरच्या पावसाळ्यात तो पंचवीस वर्षे टिकला, तरच खरा.

१९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी थेट फोडून दाखवले. तेही बॅटरीशिवाय. पण त्याला बहुतेक अतिनील किरणच चालतात आणि उन्हात ते थोडेच असतात. साध्या उन्हात वर्षानुवर्षे हे काम करील, असा स्वस्त पदार्थ जगभर शोधला जात आहे.

हे सारे मी त्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "ते होईल तेव्हा होईल, सर. सौर पंप बसल्यापासून मी रात्री गव्हाला पाणी द्यायला जात नाही. आई निर्धास्त झोपते."

पदार्थ कितीही नवा निघो, त्याची परीक्षा अखेर इथेच व्हायची आहे. आणि पाण्याचा प्रश्न त्याने विचारला, हे बरे झाले. तो प्रश्न वर्गात मीच विचारायला हवा होता.